रविवारचं ऊन

सुमेधच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेवर एक खपली होती. मार्चमध्ये ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती. आता मे संपत आला तेव्हा ती हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली होती. मध्ये किंचित खोलगट, कडा जाड आणि उचललेल्या, रंग पिवळट, भोवती गुलाबी वलय. दर काही दिवसांनी ती आपोआप गळून पडे, खालचं ओलसर लाल मांस दिसे, उशीच्या अभ्र्यावर एक डाग उरे, आणि मग पुन्हा नवी खपली धरे, आधीच्यापेक्षा केसभर मोठी. हे सगळं कश्मिराला ठाऊक होतं, कारण होळीपासून ती जेवायला मुद्दाम भावाच्या डाव्या हाताला बसत होती.

शनिवारची सकाळ होती. नौतपा लागला होता. जेठातल्या त्या नऊ दिवसांत झाशीतली कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत. सीपरी बाजारातल्या त्यांच्या गल्लीत न्याहारीच्या वेळेलाच शटरांचे पत्रे हाताला चटका देत. अशा उन्हातून सुमेध स्टेडियमवर धावून आला, बूट दारातच भिरकावले आणि पंख्याखाली येऊन बसला. बनियनच्या पट्ट्यांबाहेरचे खांदे उकडलेल्या रताळ्यासारखे लाल झाले होते. डोक्याचे केस, भुवया, पापण्या सगळं मक्याच्या कणसातल्या केसांसारखं पांढुरकं. डोळे फिकट, आणि सतत किंचित थरथरणारे.

तो जन्मलाच असा. कातडीला रंग देणारं मेलॅनिन त्याच्या शरीराला तयार करता येत नव्हतं, बस एवढंच. कश्मिरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आनुवंशिकतेच्या धड्यात याला अर्धं पान होतं. त्या अर्ध्या पानाशी ती लहानपणापासून एका घरात राहत आली होती.

"टोपी कुठाय?" तिने विचारलं.

"बॅग में."

"बॅगेला ऊन लागतं वाटतं."

"ताई, यार, सुबह-सुबह शुरू मत हो."

"खाऊ दे गं त्याला," आतून सिंधूताईंचा, त्यांच्या आईचा आवाज आला. "दमून आलंय पोर. आल्या आल्या मास्तरकी नको."

सुमेध मराठी सगळी समजायचा, पण उत्तर हिंदीत द्यायचा. झाशीत वाढलेल्या बहुतेक मराठी पोरांचं असंच असतं. घरात मराठी कानांनी ऐकायची आणि तोंडाने हिंदी बोलायची. कश्मिरा मोठी, तिची जीभ दोन्हीकडे वळायची.

मलम लावू देणं ही त्याने बहिणीला दिलेली एकुलती एक सवलत होती. तेही तो मोबाईल नाकाला टेकवून बघत असताना, म्हणजे त्याला त्याकडे लक्ष द्यावं लागू नये. मोबाईल तो नेहमी असाच बघे. हातभर अंतरापलीकडचं त्याला सगळं धुक्यात असल्यासारखं दिसायचं. कश्मिराने बोट धुतलं, पुसलं, खपलीभोवती मलम फिरवलं आणि सवयीने बोट कानामागून खाली मानेवर पुसत नेलं.

जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट अडलं.

तिने पुन्हा तिथे नेलं. गाठ वाटाण्याएवढी होती. सर्दीत गाठी येतात, त्या बोटाखाली बोरासारख्या सरकतात, दाबल्या की दुखतात. ही सरकत नव्हती. रुतून बसली होती, कठीण.

"दुखतं इथे?"

"कहाँ?"

"इथे. दाबल्यावर."

"नहीं." मग त्याला तिच्या आवाजातलं काहीतरी जाणवलं असावं. त्याने मान झटकन बाजूला घेतली. "क्या है? बोला ना नहीं दुखता."

न दुखणं हीच वाईट गोष्ट होती. पण ते ती बोलली नाही. तिने मलमाचं झाकण लावलं. ते दोनदा आटे सोडून बसलं.

मार्चमध्ये तिने त्याला ओढून नेलं होतं, कातडीच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर ऋचा तिच्याच वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी खपलीचा तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं ते कश्मिराला चेहऱ्यावरूनच कळलं. कॅन्सर. उन्हाने होणारा, कातडीच्या वरच्या थरातला. लवकर काढला तर पूर्ण बरा होणारा. कानाचा वरचा भाग कापावा लागेल, एवढंच. "एवढंच" हा शब्द डॉक्टरांचा. सुमेध त्या शब्दावर हसला होता. मग म्हणाला होता, ट्रायल के बाद. दृष्टिबाधित खेळाडूंच्या गटात तो चारशे मीटर धावायचा, एप्रिलमध्ये लखनौला निवड चाचणी होती. चाचणी झाली, तो तिसरा आला, पेपरात फोटो आला. मग म्हणाला, कॅम्प के बाद. कॅम्प जूनमध्ये होता.

आणि त्या दिवसापासून घरात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. आई "ते कानाचं" म्हणायची. बाबा नुसतं "ते" म्हणायचे. सुमेध "पपड़ी" म्हणायचा.

कश्मिरा गच्चीवर गेली आणि तिने डॉक्टर ऋचांना फोन लावला. गाठीबद्दल सांगितलं. 

"सरकते का?"

"नाही."

"सोमवारी घेऊन या. सकाळीच. सुई घालून गाठ तपासू आणि कानाची शस्त्रक्रिया लगेच त्याच आठवड्यात लावू. गाठीत ते उतरलंच आहे असं मी फोनवर म्हणणार नाही. पण उतरलं असेल तर मान उघडावी लागेल, पुढे किरणोपचार. आता नुसता कान राहिला नाही, कश्मिराजी."

"तो येणार नाही म्हणाला तर?"

"तो चोवीस वर्षांचा आहे. तुमच्या सहीवर मी त्याला हात लावू शकत नाही. हो त्यानेच म्हटलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर कश्मिरा टाकीच्या सावलीत तशीच उभी राहिली. खाली गल्लीतून दोन मुली स्कूटीवरून गेल्या. डोक्याला, तोंडाला, गळ्याला ओढणी गच्च गुंडाळलेली, हातांत कोपरापर्यंत मोजे, फक्त डोळे उघडे. तिच्या वर्गातल्या मुलीही अशाच यायच्या. परवाच तिने विचारलं होतं, हे कशासाठी? "टैनिंग, मैम!" सगळा वर्ग एका सुरात. आणि कॅन्सर? मुली खळखळून हसल्या होत्या. दिशा नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली होती, "वो तो अंग्रेज़ों को होता है, मैम."

त्या मुलींनी काळं पडायच्या भीतीने स्वतःला अगदी बरोबर झाकलं होतं. ज्याला खरोखर झाकायला हवं होतं, तो बनियनवर धावत होता. आणि सीपरी बाजारातली पोरं त्याला लहानपणापासून हाक मारत होती ती हीच: ए अंग्रेज. दुसरी हाक सूरजमुखी, जन्मतः पांढऱ्या माणसाला इकडे म्हणतात ती. दोन्ही हाकांत ऊन दडलेलं आहे हे मारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने विषय काढला. बाबा, दीनानाथ, साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून झाशीला आले आणि इथल्याच जुन्या मराठी घरातली मुलगी करून इथलेच झाले. निवृत्तीनंतर ते जेवणाच्या ताटावरून उठले की टीव्हीकडे वळत. कश्मिराने टीव्ही बंद केला.

"मानेत गाठ आलीय त्याच्या. परवा सोमवारी जायचं आहे."

सिंधूताईंच्या हातातली तपेली ओट्यावर जरा जोरात टेकली. त्यांनी येऊन त्याची मान चाचपली. "कसली गाठ? दाखव बघू."

"आई, गला छोड़." सुमेध मागे सरकला. "ताई को तो हर चीज़ में वही दिखता है."

"कारण तेच आहे म्हणून."

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

शब्द कश्मिराच्या ओठांवर आला. आईने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तो उच्चारला तर तो घरात शिरेल. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे बाबा, काय आहे ते."

दीनानाथांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बघ, डॉक्टर मंडळींना कापायचीच घाई. ग्वाल्हेरला एक होमिओपॅथ आहेत म्हणे, आमच्या भूषणच्या बायकोला..."

"बाबा, दिल्लीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? सुमेध दोन वर्षांचा होता तेव्हा. तुम्हीच घेऊन गेला होतात."

 दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा कोडाचा आजार नाही, याला ऊन चालणार नाही. दीनानाथांनी घरी येऊन ते एकदा सांगितलं. मग त्यांच्या पाळ्या होत्या, कारखाना होता. घरातलं बघणाऱ्या सिंधूताई होत्या.

सिंधूताईंच्या माहेरीच काय, साऱ्या झाशीला माहीत असलेला एक उपाय होता. अंगावर पांढरं उमटलं की पहूजकाठच्या सूर्यमंदिरात रविवारी जायचं, नदीत उभं राहून अर्घ्य द्यायचं. आणि कुणा वैद्याने सांगितलेलं बावचीचं तेल अंगाला चोळून ऊन खायचं. पिढ्यान्‌पिढ्या कोडाच्या डागांवर काहींना त्याचा गुणही आला असेल. कातडीत रंगाच्या पेशी शिल्लक असतील तर ऊन त्यांना जागं करतं, हे कश्मिराने पुढे वाचलं होतं. पण इथे जागं व्हायला काही नव्हतंच. आईला पांढरं ते सगळं एकच वाटलं. तिने नवस बोलला: पोराचं लग्न होईपर्यंत एकही रविवार चुकवणार नाही. तेल चोळलेल्या पाठीवर फोड यायचे तेव्हा ती रात्रभर तूप लावत बसायची, रडायची, आणि म्हणायची, आतला दोष बाहेर पडतोय.

"उद्या रविवार आहे," सिंधूताई आता म्हणाल्या. "देवाच्या कानावर घालू. मग बघू सोमवारचं."

"देवाला वीस वर्षं झाली कानावर घालून!"

"कश्मिरा! तोंड सांभाळ. आज हे पोर धावतंय, पेपरात फोटो येतोय, ते कुणामुळे? लोक म्हणाले होते हे घराबाहेर पडणार नाही. मी त्याला उन्हात उभं केलं म्हणून ते चारचौघांत उभं राहिलं."

हे अगदीच खोटं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, झाकून ठेवा हो. सिंधूताईंनी झाकलं नाही. डोकं उघडं ठेवून, हाताला धरून, भर बाजारातून त्याला नेलं.

ती सुमेधकडे वळली. "तू बोल. तुझा कान आहे. तुझी मान आहे."

तो काळा चष्मा हातात फिरवत होता. दिव्याचा उजेडही त्याला खुपायचा, म्हणून घरातही तो चष्मा लावे.

"इसको कहाँ टाँगूँगा?" तो म्हणाला.

"काय?"

"चश्मा. ऊपर का कान काट देंगे तो चश्मा कहाँ टाँगूँगा, ये बता."

"मागून इलॅस्टिक लावू."

"बंदर जैसा." तो हसला. मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाला, "पहले ही कम देखते हैं क्या लोग? सफ़ेद बाल, सफ़ेद भौंहें, हिलती आँखें. अब एक कान भी आधा. ट्रैक पे एक ही जगह है ताई, जहाँ लोग मेरा नाम लेके चिल्लाते हैं. सुमेध, सुमेध. सूरजमुखी नहीं. डॉक्टर क्या बोली थी? ऑपरेशन के बाद धूप में दौड़ना बंद. हमेशा के लिए. तो फिर बच के करूँगा क्या?"

 

"संध्याकाळी धाव," कश्मिरा म्हणाली. "पहाटे धाव. दिव्यात धाव. सुमेध, मी तुझ्या पाया पडते. गाठ आहे रे. गाठ."

ती खरोखर वाकली. तो घाबरून उठला, "क्या कर रही है!" म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

दीनानाथांनी टीव्ही लावला. आवाज मात्र बंद ठेवला.

रविवारी कश्मिरा त्यांच्याबरोबर गेली. कित्येक वर्षांनी. आईला वाटलं, पोरगी वळणावर आली. खरं म्हणजे तिला दुसरं काही सुचत नव्हतं. सोमवार सकाळपर्यंत त्याला नजरेआड करायचं नाही, एवढाच विचार तिच्या डोक्यात उरला होता. ऑटोत ती त्याच्या डाव्या बाजूला बसली. रस्त्यावरून तापलेली हवा आत येत होती, आणि ती सारखी ओढणी त्याच्या कानावर धरत होती. तो ती सारखी बाजूला करत होता.

पहूज आटली होती. घाटाच्या पायऱ्यांखाली डबक्यासारखं पाणी उरलं होतं, घोट्याएवढं, कोमट, हिरवट. तरी माणसं होती. कुणाच्या हातावर पांढरे चट्टे, कुणाच्या ओठांवर. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे. सुमेधने शर्ट काढला, चष्मा काढला, पाण्यात उतरला. आईने तांब्याचा गडू त्याच्या हातात दिला. सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता, तरी उजेड असा होता की सुमेधने डोळे घट्ट मिटले आणि पापण्यांतून पाणी गालावर ओघळलं. लहानपणी आई म्हणायची, देव डोळे धुतोय.

कश्मिरा घाटावरच्या पिंपळाखाली बसली. तिची जागा ठरलेली होती. ती सात-आठ वर्षांची असताना आई तिला इथेच बसवायची आणि बजावायची, सावलीतून हलू नकोस, काळी पडशील, लग्नाला त्रास होईल. मग भावाला हाताला धरून उन्हात न्यायची. एका आईने एकाच घाटावर दोन लेकरांना वाटून दिलेल्या या दोन जागा. दोन्ही मायेनेच दिलेल्या.

"मित्राय नमः," सिंधूताई म्हणत होत्या. "रवये नमः."

तेव्हा पायऱ्यांवरून एक बाई उतरली. तिशीची, डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी, कडेवर मूल. तिने सिंधूताईंना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अम्मा जी! पाँव लागें. पहचानी नईं का? मऊरानीपुर वारे हैं. कातिक में आपई ने तो बताओ हतो."

म्हणजे कार्तिकात आईनेच हिला हा उपाय सांगितला होता. बाईने मूल खाली ठेवलं. तीन वर्षांची मुलगी होती. केस सायीसारखे पांढरे, दोन छोट्या वेण्यांत लाल रिबिनी. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि तोंड आईच्या पोटात खुपसलं.

कश्मिरा उभी राहिली.

"तब सें एकऊ इतवार नईं छोड़ो," बाई सांगत होती. "सनीचर की रात की गाड़ी सें आत, धरमसाला में सोत. तेल भी मलत हैं, जैसो आपने कही. अब देखो अम्मा जी, रंग आन लगो!" आणि तिने मोठ्या अभिमानाने मुलीचा फ्रॉक वर ओढून काढला. मुलगी रडायला लागली.

खांद्यांवर, पाठीवर रंग आला होता. लाल. मधे तांबूस, काही ठिकाणी कातडी सुटून पापुद्रे लोंबत होते, आणि डाव्या खांद्यावर नखाएवढे दोन फोड पाण्याने भरलेले.

सिंधूताईंनी वाकून पाहिलं. पाठ त्यांच्या ओळखीची होती. त्यांचा हात पुढे गेला आणि अधांतरी थांबला.

"हा रंग नाही!" कश्मिरा धावतच खाली आली. "ये जला है. बच्ची जल गई है धूप से. इसको छाँव में लीजिए, अभी. ये तेल मत लगाइए, इस तेल से और जलता है. यह सफ़ेद दाग नहीं है, यह जनम का है, धूप से नहीं जाएगा..."

बाई दोन पावलं मागे सरली. अनोळखी, शहरी, घामाघूम बाई अंगावर आल्यावर कुणीही सरेल तशी. "आप को हो?"

"मैं इनकी बेटी हूँ."

"तो आपके भैया तो भले-चंगे हैं!" तिने सुमेधकडे बोट दाखवलं. आता तिच्या आवाजात राग होता. सहा-सात महिन्यांच्या रविवारांचा, गाडीभाड्याचा, धर्मशाळेच्या फरशीचा राग. "अखबार में फोटू आई ती. हमने काट कें घर में लगाई. उनईं खों देख कें तो हम आत हैं. सास कहत ती, जा बिटिया खों फेंक आओ. हमने कही, नईं, अम्मा जी को लरका देखो, कैसो दौरत है. अपनो तो ठीक कर लओ, और हमें कहत छाँव में बैठो?"

तिने थेट सुमेधला विचारलं. "भैया, तुमईं बताओ. तुमें धूप सें फायदा भओ कै नईं?"

सुमेधला आवाज ऐकू येत होते, माणसं दिसत नव्हती. तो पाण्यातून बाहेर आला, चाचपडत, डोळे किलकिले करून. मुलीसमोर तो गुडघ्यांवर बसला आणि सगळं जसं बघायचा तसं बघायला त्याने तोंड तिच्या खांद्याजवळ नेलं, नाक जवळजवळ फोडांना टेकेपर्यंत. बराच वेळ तो तसाच राहिला. फोड बघत होता की वास घेत होता, कळत नव्हतं. बावचीच्या तेलाचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.

मुलीचं रडणं थांबलं. तिने बोटांच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं. आपल्यासारख्या पांढऱ्या पापण्या तिने आजवर कुणाच्या पाहिल्या नसाव्यात. तिने हात पुढे केला, त्याच्या पापण्यांना लावला, भुवयांना लावला, मग कान धरला.

खपली निघाली. तिच्या इवल्या बोटांना रक्त लागलं. ती बोटं तिने आईला दाखवली.

"हाय राम, जो का है?" बाईने पोरीला ओढून घेतलं.

"काही नाही, काही नाही," सिंधूताई घाईने म्हणाल्या. "चोट है. गिर गया था."

रक्त कानावरून मानेवर आलं, गाठीपाशी जरा वळलं आणि खाली छातीवर गेलं. सुमेधने ते पुसलं नाही.

"चोट नहीं है," तो म्हणाला.

"सुमेध," आई म्हणाली.

"चोट नहीं है, भाभी. कैंसर है." आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूची दोन-तीन माणसं अर्घ्य देता देता थांबली. "धूप से हुआ है. मुझे कोई फ़ायदा नहीं हुआ. मैं दौड़ता हूँ क्योंकि मैं दौड़ता हूँ. मुझे देखके मत लाओ इसको."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सिंधूताईंकडे पाहिलं. सिंधूताईंनी मान वर केली नाही. बाईला हवं ते उत्तर त्या न उचललेल्या मानेत मिळालं असावं. ती मटकन पायरीवर बसली आणि तिने पोरीला पदराखाली घेतलं, इतकं घट्ट की पोरगी कळवळली.

सुमेधने पायरीवर चाचपून आपला शर्ट शोधला आणि तिच्याकडे दिला. तो तिने घेतला. पोरीला त्यात गुंडाळलं. "अब का हुइए?" ती पुटपुटली. कुणाला विचारत होती, देव जाणे. कश्मिराला सांगायचं होतं, ही अजून लहान आहे, हिचं काही बिघडलेलं नाही, छाया, पूर्ण बाह्या, टोपी, मलम, वर्षातून एकदा डॉक्टर, एवढ्याने ही म्हातारी होईल. ती नुसती आपली ओढणी पोरीच्या डोक्यावर धरून उभी राहिली. हे सगळं ती रोज वर्गात बोलू शकत होती.

सिंधूताई घाटाच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय पाण्यात. गडू कलंडला होता. त्या म्हणाल्या, "मी त्याला झाकलं नाही रे. लोक म्हणाले झाका, मी झाकलं नाही." मग पुन्हा तेच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे कश्मिराला बघवेना.

सुमेध आईजवळ गेला. उघडा, लाल, मानेवर वाळत चाललेलं रक्त. तो तिच्या शेजारी बसला नाही, तिच्या आणि उन्हाच्या मधे उभा राहिला. त्याचा श्वास चारशे मीटर संपल्यावर लागतो तसा लागला होता. ओठ हलले, थांबले. मराठी वाक्य तोंडात जुळवायला त्याला नेहमीच वेळ लागे, आणि एरवी तो तेवढी तसदी घ्यायचा नाही.

"आई," तो म्हणाला, "मला लई भीती वाटते. पण मी उद्या जाणार. मी कान कटवून घेणार."